एकोणिसावी पिशवी

१

धुळ्यात देवपूरला माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दारापलीकडे स्वयंपाकघर. शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशांच्या ढिगात मी कुणाला सापडत नाही, आणि ऑगस्ट संपला की माशा मारत बसतो. बसतो म्हणजे बघतो. चौकसपणा हा माझा जुना रोग आहे. पँटचा कुठला गुडघा झिजलाय, कॉलर कुठल्या बाजूला मळलीय, खिसा कुठे उसवलाय, एवढ्यावरून मी तुमचा धंदा सांगेन. सकीना, माझी बायको, म्हणते, "मिसबाहचे अब्बा, लोकांच्या गुडघ्यांकडे काय बघत बसता दिवसभर?" मिसबाह आमची मुलगी, जळगावला नर्सिंग शिकते. घरात आम्ही आमच्या हिंदीमिश्रित बोलीत बोलतो, पण मी मराठी शाळेत शिकलो, लिहिता मला हेच येतं, म्हणून इथे सगळे मराठीतच बोलणार.

गेल्या सप्टेंबरात जळगावचा रतिलाल आला. तो मोठ्या ठेकेदारांकडून शिलाईची कामं घेतो आणि आमच्यासारख्यांना वाटून देतो. त्यानं काळ्या कापडाचा एक गठ्ठा टेबलावर टाकला आणि चिठ्ठी काढली. पिशवी. उंची अठरा इंच, रुंदी बारा, तोंडाला नेफा, नेफ्यात नाडी. नग दोनशे.

"कसल्या पिशव्या?" मी विचारलं.

"कव्हर आहे. केळीच्या घडाचं."

मला हसू आलं. माझी सासुरवाडी फैजपूरची. केळीचा घड केवढा असतो ते मला रतिलालनं सांगायला नको. अठरा इंचात त्याची शेंडीसुद्धा झाकली जाणार नाही. पण मी वाद घातला नाही, कारण मधल्या दारात सकीना उभी होती आणि केळी हा शब्द आमच्या घरात जपून काढावा लागतो.

तिचा धाकटा भाऊ उमर केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. फैजपूरहून माल भरून थेट उत्तरेकडे सीमेपर्यंत जायचा. तिकडच्या एका नाक्यावर लष्कराच्या जवानांनी त्याला चौकशीसाठी खाली उतरवलं, असं मागच्या गाडीच्या ड्रायव्हरनं फोन करून कळवलं. गाडी परत आली, आतली केळी सडून काळी झाली होती. उमर आला नाही. त्याला आता अकरा महिने झाले होते. मृणालीताई म्हणून वकील आहेत, त्यांनी हायकोर्टात अर्ज केला. वरून एका ओळीचं उत्तर आलं: या नावाचा कोणीही इसम आमच्या ताब्यात नाही.

२

रतिलालनं आधी एक नमुना मागितला होता. मी शिवायला बसलो आणि माझं डोकं फिरलं. दिलेलं कापड इतकं विरविरीत की पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता. असलं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलेलं मला चालत नाही. माझ्याकडे एका शाळेचं रद्द झालेल्या कामातलं काळं जाड ड्रिल पडून होतं. मी ते वापरलं. शिवाय नाडी ओढली की पिशवीच्या तोंडाशी कापड गोळा होत होतं, म्हणून मागच्या बाजूला कापड दुमडून एक चुण्णी घातली. आता नाडी ओढली की पिशवी कशी छान चपखल बसे.

आठ दिवसांनी नमुना पास होऊन परत आला. सोबत चिठ्ठी: कापड हेच हवे. चुण्णी अशीच. त्याच कारागिराकडून करून घेणे.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. शेजारी पितांबर इस्त्रीचं दुकान चालवतो, त्याला मी ती चिठ्ठी दाखवून आलो. तो म्हणाला, "भाऊ, पिशवीले बी कारागीर लागस का?" आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागला.

मी परत येऊन बसलो. नमुना हातात होता आणि मनात एक बारीकशी गोष्ट टोचत होती. पिशवीला मागची बाजू नसते. दोन्ही बाजू सारख्या. मग मी चुण्णी 'मागे' घातली असं का म्हणत होतो? कुणाच्या मागे?

बारा दुणे चोवीस. मी टोप्याही शिवतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बावीस, फार तर तेवीस. बोटभर सैल धरलं तर चोवीस.

माझ्या हातांना हे आधीच कळलं होतं. मला मागाहून कळलं.

३

दुपारची दोनची वेळ. लाइट गेली होती, मशीन बंद. सकीना मागे धुणं वाळत घालत होती. शिंपी कुठलीही शंका एकाच रीतीनं फेडतो, घालून बघतो. मी तो नमुना डोक्यावर चढवला आणि नाडी ओढली.

बरोबर बसला. चुण्णी मानेच्या खळग्यात आली.

पहिल्यांदा मला वाटलं, रस्ता शांत झालाय. मग लक्षात आलं की रस्ताच नाही. रिक्षा नाही, पितांबरचा रेडिओ नाही, मागे बादलीचा आवाज नाही. एक नळ गळत होता, पत्र्याच्या भांड्यात. आमच्याकडे पत्र्याचं भांडं नाही. आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

तो मीच असणार. मी श्वास रोखला. पलीकडचा चालूच राहिला.

मी पिशवी ओढून काढली. दुकान होतं तिथेच होतं. पितांबरच्या रेडिओवर कांद्याचे भाव सांगत होते.

मी शहाणा माणूस आहे. जाड कापडात कान बंद झाले की स्वतःचं रक्त कानात वाजतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी नीट तपासून पाहिलं. नव्या दहा पिशव्या शिवून तयार होत्या, त्या एकेक करून घातल्या. प्रत्येकीत रस्ता होता, रेडिओ होता, सकीनाची बादली होती. फक्त थोडं दबलेलं. मग पुन्हा नमुना घातला. नळ. श्वास. मी मोजलं, दर चार अंकांना एक थेंब.

दहा नव्या पिशव्या कुणी घातल्या नव्हत्या. नमुना जाऊन आला होता. पास करण्याआधी तो कुणावर तरी बसवून पाहिला असणार.

त्यानंतर मी रोज दुपारी तो घालायचो. भीती वाटायची, पण न घालता चैनही पडायचं नाही. एके दिवशी नळ बंद होता आणि लांबवर लोखंडी दार ओढल्याचा आवाज आला. एके दिवशी ताटली सरकवली. तो माणूस कधीकधी पुटपुटायचा, पण शब्द लागायचे नाहीत. तेराव्या दिवशी नळ होता आणि श्वास नव्हता. नुसती खोली. मी बराच वेळ थांबलो. नंतर तो नमुना मी घातला नाही.

आणि दोनशे पिशव्या पुऱ्या केल्या. हे लिहायला जड जातं. रोज मशीनवर बसताना मी स्वतःला सांगायचो की कान आहेत, वय झालंय, उद्या डॉक्टरला दाखवू. पिशव्या गेल्या. जाताना मला हायसं वाटलं, याची लाज आजही वाटते.

४

डिसेंबरात रतिलाल एक खोकं घेऊन आला. "पंचवीस नग दुरुस्तीला आलेत. शिलाई उसवलीय म्हणे. गुरुवारी चार वाजता नेतो."

तो गेल्यावर मी खोकं उघडलं. फिनाईलचा वास खोलीभर झाला, इतका की शेजारून पितांबर डोकावला.

"नासीरभाऊ, हाई काय शे? दवाखानाना कपडा लयनात का?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं एक पिशवी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. त्याच्या हातावरून रोज शंभर कपडे जातात. "दवाखानाना नही शेतस," एवढंच बोलून तो गेला. नंतर दोन दिवस तो माझ्याकडे चहाला आला नाही.

मग मी एकेक पिशवी उजेडात धरून बघितली. मी बघणारा माणूस आहे, आणि या वेळी मला बघता येतं याचाच राग आला. पुढच्या बाजूला, काठापासून सहा इंचांवर, प्रत्येक पिशवीचं कापड पातळ झालेलं. आतून. माणूस तोंडानं हवा ओढतो, कापड तोंडात जातं, पुन्हा बाहेर येतं. असं हजार वेळा झालं की ड्रिलसुद्धा झिजतं. सात-आठ पिशव्यांना त्याच जागी बारीक भोकं होती, वर चार, खाली तीन. दातांची. नेफा सगळ्यांचा मागून फाटला होता, कुणीतरी मागून धरून उचलल्यासारखा. आणि माझी चुण्णी एकीचीही उसवली नव्हती.

रतिलालनं दिलेल्या विरविरीत कापडातून हवा गेली असती. ते मी बदललं. कुणी सांगितलं नव्हतं. मला चांगलं काम करायचं होतं.

मी रतिलालला फोन लावला. "रतिलालभाऊ, या कुठून आल्या?"

"मी गोदामातून उचलतो, गोदामात टाकतो. खोकं कधी उघडून बघितलं नाही. तुम्ही कशाला बघता?"

"दुरुस्त करायचं तर बघावंच लागतं ना."

"मग शिलाईपुरतं बघा," तो म्हणाला. धमकी नव्हती त्यात. तो घाबरला होता.

मी सगळ्या पिशव्यांचे फोटो काढून मृणालीताईंना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "नासीरभाऊ, यातली एकही परत जाऊ देऊ नका. धुऊ नका, शिवू नका. कोर्टाला दाखवायला आपल्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलंय. मी शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे येते."

आवाजांबद्दल मी त्यांना बोललो नाही. वकिलाला काय सांगणार?

५

सकीनाला मी सांगणार नव्हतो. गुरुवारी दुपारी मी बाहेरून आलो तर ती दुकानात माझ्या स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. डोक्यावर काळी पिशवी.

आपल्याच घरात, भर दुपारी, आपल्या बायकोला तसं बसलेलं मी पाहिलं. ती हलत नव्हती. तोंडाजवळचं कापड आत जात होतं आणि बाहेर येत होतं. मी उंबऱ्यातच थांबलो.

तिनं पिशवी काढली, डावीकडच्या ढिगावर ठेवली. "हिच्यात म्हातारा आहे कुणीतरी. खोकतोय," ती म्हणाली. आणि उजवीकडची दुसरी उचलली.

"सकीना, काय करतेस हे?"

"तुम्ही तीन महिन्यांपूर्वी रोज दुपारी काय करत होता? मला दिसत नव्हतं वाटतं? मी म्हटलं, माणूस वेडा झालाय, झाकून ठेवावं." तिनं पिशवी डोक्यावर घेतली. तिचा आवाज आतून आला. "काल मी एक घालून बघितली. तुम्ही वेडे नाही झालात."

मी समोर खाली बसलो. ती एकेक घालत होती, पन्नास-साठ अंक मोजावेत इतका वेळ थांबत होती आणि काढत होती. एका पिशवीनंतर तिनं पदर तोंडाला लावला आणि ती ढिगात न ठेवता वेगळी, कोपऱ्यात ठेवली. मी विचारलं नाही. नुसती खोली कशी ऐकू येते ते मला माहीत होतं.

मी मोजत होतो. एकोणिसावी तिनं घातली आणि काढली नाही.

"उमर?" ती म्हणाली.

तोंडाजवळचं कापड थांबलं. तिनं श्वास रोखला होता.

"मी आहे रे, आपा. तुही आपा." फैजपूरच्या गल्लीतलं भावंडांचं बोलणं. लग्नानंतर ते मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "तुले पानी देतात का रे? ... हा. ... हा. ... हात कशे आहे तुहे?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी तिच्याकडे बघत होतो आणि माझं शहाणं डोकं मला सांगत होतं की अकरा महिने, आता तर चौदा महिने, भावाची वाट बघणाऱ्या बाईला कापडात कुणाचाही आवाज ऐकू येईल. डोकं बरोबरच सांगत असेल. पण ती उत्तरं द्यायच्या आधी थांबत होती, आणि ते थांबणं दर वेळी वेगळ्या लांबीचं होतं.

मी टेबलावरची छोटी कैची उचलली. "त्याला सांग," मी म्हणालो, "मी समोरचे धागे काढून देतो. हवा येईल. कुणाला कळणार नाही."

तिनं सांगितलं. मग ऐकलं.

"नको म्हणतो. कापडातून उजेड आत जाताना दिसला तर मारतात. एकाला मारलं." ती पुन्हा ऐकायला लागली. बराच वेळ. तिची मान हळूहळू खाली गेली. "म्हणतो, रोज सकाळी पिशव्या पुढ्यात आणून टाकतात. तो हीच मागून घेतो. हात बांधलेले असतात, म्हणून हनुवटीनं दाखवतो. कधी देतात, कधी नाही देत."

"हीच का?"

"हिच्यात आपल्या घरचा वास येतो म्हणतो. फिनाईलच्या खाली. पहिल्यांदा घातली तेव्हा त्याला वाटलं आपण सुटलो." सकीना थांबली. "चार दिवस झाले, ही दिसत नाही. कुठे गेली विचारतोय."

६

तिनं पिशवी काढली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि केस कपाळाला चिकटले होते. तिनं ती माझ्या हातात दिली.

"चोवीस मृणालीताईंना द्या," ती म्हणाली. "ही जाईल."

"सकीना, ही पण पुरावा आहे. यातूनच तो सुटेल कदाचित."

"कधी?"

शुक्रवारी मृणालीताई येणार, मग कागद होणार, मग तारीख पडणार. पहिल्या तारखेला सात महिने लागले होते. तोपर्यंत रोज सकाळी त्याच्या पुढ्यात पिशव्या पडणार, आणि त्याही माझ्याच दोनशेतल्या, याच ड्रिलच्या. हवा कुठल्याच पिशवीतून जाणार नव्हती. फरक फक्त एवढाच की हिच्यात घर होतं.

ती पिशवी मी डोक्यावर घातली नाही. सकीनानंही घाला म्हटलं नाही. उमर पोरसवदा होता तेव्हा त्याच्या लग्नातल्या शेरवानीचं माप मी आधीच घेऊन ठेवलं होतं, चेष्टेनं. मी पिशवी घातली असती तर त्यानं मला हाक मारली असती. आणि हाक मारून विचारलं असतं, भाऊजी, कापड कुणी निवडलं?

मी मशीनवर बसलो. सुईत दोरा तीनदा ओवावा लागला. निकृष्ट दुरुस्ती केली तर पिशवी बाद करून फेकून देतील, हे मला कळत होतं. फेकली तर त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मी नेफा नव्यानं घातला. दातांच्या भोकांना आतून जोड दिला, बाहेरून दिसणार नाही असा. मागच्या चुण्णीवर दुहेरी शिलाई मारली. तीस वर्षांत याहून नीट काम मी केलं नसेल.

सकीनानं पिशवी घडी करून आत नेली. सकाळच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टोपल्यात फडक्याखाली होत्या, त्यांच्यामध्ये ठेवली आणि वरून फडकं पुन्हा झाकलं. मग टोपल्याजवळच भिंतीला टेकून बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसलो.

चार वाजता रतिलाल आला. तो दुकानात शिरला नाही, बाहेरच उभा राहिला. मी एक पिशवी कागदात बांधून त्याच्या हातात दिली.

"एकच?" त्यानं विचारलं. "बाकीच्या?"

"बाकीच्या व्हायच्या आहेत."

त्यानं पुडकं नाकाजवळ नेलं, माझ्याकडे बघितलं आणि ते आपल्या झोळीत टाकलं. तो गाडीशी पोचला होता तेव्हा मी चपला न घालताच त्याच्या मागे गेलो.

"रतिलालभाऊ," मी म्हणालो, "लवकर पोचवा. उद्या सकाळच्या आत जाईल असं बघा."